राल्फ, जॅक आणि त्यांच्या मागे जाणारी मुलं

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, नववीत आहे. आम्हाला इंग्रजी साहित्यात विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही कादंबरी आहे, युद्धाच्या काळात मोठ्या माणसांशिवाय निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज मुलांची. राल्फ आणि जॅक यांच्या नेतृत्वशैलींची तुलना करा, असा निबंध होता. राल्फ लोकशाहीवादी, जॅक हुकूमशहा असं लिहून मी दोघांचे गुणदोष मांडले. मिसनी खाली लिहिलं, 'सगळं बरोबर, पण यात कादंबरी कुठे आहे?' सोमवारी पुन्हा लिहून द्यायचा आहे. मी काय करू?

उत्तर :

तुझ्या मिसचा शेरा अगदी नेमका आहे. तो वाचून खट्टू होऊ नकोस. नौपाड्यात मी गेली अनेक वर्षं नववी ते अकरावीच्या मुलांना ही कादंबरी शिकवते आहे, आणि हा निबंध बहुतेक वह्यांमध्ये पहिल्यांदा असाच येतो. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे राल्फ, उजवीकडे जॅक. लिहिलेलं खोटं काहीच नसतं. पण जबाबदार, दूरदर्शी, सर्वांना बरोबर घेऊन जाणारा ही विशेषणं कुठल्याही चांगल्या पुढाऱ्याला लावता येतात. ती लावायला पुस्तक उघडावं लागत नाही.

वर्गात मी पहिल्या दिवशी जे सांगते तेच तुला सांगते. नेतृत्वावर लिहायचं असेल तर नेत्याकडे कमी बघ आणि त्याच्या मागे जाणाऱ्या पोरांकडे जास्त बघ. कोणत्या वेळी ती कोणाच्या मागे गेली, तेव्हा त्यांना काय हवं होतं आणि ते त्यांना कोणी दिलं, एवढं शोधत गेलीस की राल्फही कळतो आणि जॅकही. गोल्डिंगनी ही पात्रं एकेकटी रंगवलेलीच नाहीत. घोळक्यात ठेवूनच रंगवली आहेत.

हे त्यांना जमलं, कारण दोन्ही बाजू त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. ते इंग्लंडमधल्या सॉल्झबरी गावी मुलांच्या शाळेत शिक्षक होते, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते. १९४४ च्या नॉर्मंडीच्या मोहिमेतही ते होते. म्हणजे वर्गातला गोंगाटही माहीत आणि हुकूम पाळताना माणूस कुठवर जातो तेही माहीत. कादंबरी आली १९५४ साली, ही त्यांची पहिलीच कादंबरी. पुढे १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. राल्फ आणि जॅक ही नावं त्यांनी बॅलंटाइन यांच्या 'द कोरल आयलंड' या एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या साहसकथेतून घेतली. तिथे बेटावर अडकलेली इंग्रज मुलं गुण्यागोविंदाने राहतात. गोल्डिंगना ते पटलं नव्हतं. ही पार्श्वभूमी निबंधात दोन ओळींपेक्षा जास्त नको, तिच्यासाठी गुण मिळत नाहीत.

आता पहिल्या प्रकरणातली निवडणूक पुन्हा वाच, सावकाश. जॅक सरळ म्हणतो की प्रमुख मीच व्हायला हवं, कारण मी गायकवृंदाचा प्रमुख आहे, शाळेचा हेड बॉय आहे आणि मला सी शार्प हा सूर लावता येतो. आपल्याला हसू येतं, पण त्याच्या शाळेत याच गोष्टींना मान होता, आणि तोच मान बेटावरही चालेल असं त्याला वाटतं. मग मतदान होतं. मतदान घेऊ या असं सुचवतो कोण, ते बघितलंस का? रॉजर. पुढे ज्याच्या हातून राल्फचा चष्मेवाला, हुशार सोबती पिगी मरतो तोच रॉजर. गोल्डिंग हे एका वाक्यात सांगून पुढे जातात आणि बहुतेक मुलांच्या नजरेतून ते निसटतं. तू हे लिहिलंस तर मिसना लगेच कळेल की तू पुस्तक वाचलं आहेस.

राल्फला मुलं का निवडतात, याचं उत्तर तर लेखकानेच देऊन ठेवलं आहे. शहाणपण जे काही दिसलं होतं ते पिगीचं होतं, आणि पुढारी म्हणून उघड उठून दिसत होता तो जॅक. तरी हात वर झाले राल्फसाठी. तो शांत बसला होता, अंगापिंडाने चांगला होता, दिसायला बरा होता, आणि मुख्य म्हणजे, जो फुंकून त्याने सगळ्यांना गोळा केलं होतं तो शंख त्याच्याकडे होता. म्हणजे तू ज्याला लोकशाहीवादी म्हणतेस तो धोरण सांगून निवडून आलेला नाही. त्याच वेळी गायकवृंदातली मुलं जॅकसाठी हात वर करतात ती निरुत्साहाने, सवयीने. पिगी तर राल्फसाठीसुद्धा नाखुशीने आणि सगळ्यांच्या मागून हात वर करतो, कारण राल्फने नुकतंच त्याचं चिडवायचं नाव सगळ्यांना सांगून टाकलेलं असतं. एका पानात तीन तऱ्हेचे हात आहेत. पात्रचित्रण म्हणतात ते हेच.

यानंतर राल्फ जे करतो, ते माझ्या मते सगळ्या कादंबरीतलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे. हरलेल्या जॅकचा चेहरा लाल झालेला त्याला दिसतो, आणि काहीतरी देऊ करावं म्हणून तो सांगतो की गायकवृंद तुझाच. जॅक ठरवतो की ते शिकारी होतील. राल्फचा यात चांगुलपणा आहे, दुसऱ्याचा अपमान त्याला बघवत नाही. पण याच चांगुलपणातून बेटावर पहिल्याच दिवशी एक शिस्तीतली, पुढे भाले हातात घेणारी आणि एकाच मुलाचं ऐकणारी तुकडी तयार झाली. जाणाऱ्या जहाजांना धूर दिसावा म्हणून डोंगरावर आग राखायची जबाबदारीही पुढच्या प्रकरणात याच तुकडीवर येते. आता राल्फकडे उरतं काय? शंख आणि लहान पोरं. राल्फच्या नेतृत्वाचा गुण आणि त्याची कमजोरी वेगवेगळ्या ओळींत लिहू नकोस. दोन्ही इथे एकाच कृतीत आहेत, आणि तसंच लिहिलंस तर परिच्छेद भरीव होईल.

शंखाबद्दल आपल्या मुलांना एक अडचण हमखास येते. आपल्याकडे शंख देवघरात असतो, आरतीला वाजतो, त्यामुळे तो मुळातच पवित्र आहे असं धरून आपण वाचतो. कादंबरीत तसं काही नाही. तो पाण्यात सापडलेला एक शंख आहे. तो कसा फुंकायचा हे पिगीला माहीत असतं, पण दम्यामुळे तो फुंकत नाही, म्हणून राल्फ फुंकतो. ज्याच्या हातात शंख त्याने बोलायचं, हा नियमही मुलांनीच मानायचा ठरवलेला. सगळ्यांनी मानलं तोवर तो चालला. दुसऱ्याच प्रकरणात जॅक म्हणतो की डोंगरावर शंख चालत नाही, म्हणजे तडा पार तिथेच गेला. त्याच्या रंगावरही लक्ष ठेव. सुरुवातीला तो दाट मलई रंगाचा आहे, त्यावर फिकट गुलाबी छटा आहेत. पाचव्या प्रकरणापर्यंत ऊन-वारा खाऊन तो जवळजवळ पांढरा, पारदर्शक झाला आहे. अधिकार विरत चालला आहे असं गोल्डिंग कुठेही लिहीत नाहीत, रंग तेवढा सांगतात.

चौथ्या प्रकरणात दोघं समोरासमोर येतात. क्षितिजावर जहाज दिसतं आणि डोंगरावरची आग विझलेली असते, कारण ती राखणाऱ्या जुळ्यांना जॅक शिकारीला घेऊन गेलेला असतो. परतताना त्यांच्याकडे पहिलं डुक्कर असतं. जॅक पिगीला मारतो, चष्म्याची एक काच फुटते. मग तो आग विझल्याबद्दल माफी मागतो आणि पोरांना ते उमदेपणाचं वाटतं. आता बघ, राल्फ काय करतो. तो जागचा हलत नाही, काही बोलतही नाही. शेवटी बाकीच्यांना दुसरीकडे, कमी सोयीच्या जागी जाळ करावा लागतो. न बोलता त्याने आपलं प्रमुखपद सिद्ध केलं, आणि याहून चांगला उपाय त्याला कित्येक दिवस विचार करूनही सापडला नसता अशा अर्थाचं लेखकच म्हणतो. राल्फ कमकुवत आहे असं सरसकट लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग आधी वाचावा. पण लगेच मांस भाजलं जातं आणि राल्फही ते खातो. त्याला नाही म्हणता येत नाही. भूक कोण भागवतो, याची नोंद पोरांच्या पोटात तिथेच झाली.

पाचवं प्रकरण मात्र तू सोमवारच्या आत दोनदा वाच. राल्फ सभा बोलावतो आणि जे जे सांगतो ते सगळं खरं असतं. नारळाच्या करवंट्यांत पाणी भरून ठेवायचं ठरलं होतं, ते बंद पडलं. पहिली झोपडी सगळ्यांनी मिळून बांधली, शेवटची बांधायला तो आणि सायमन दोघंच उरले. शौचाला जायची खडकाची जागा ठरवली होती, ती कोणी पाळत नाही. आग राखली जात नाही. तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा आईबाबांबरोबर जाऊन बस, म्हणजे हे प्रकरण लख्ख कळेल. टाकीची सफाई, ओला-सुका कचरा, पार्किंग, एकूण एक मुद्दा रास्त असतो, सगळे माना डोलवतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याची पिशवी जिन्यातच असते. राल्फचं दुःख तेच आहे. त्याची बाजू बरोबर आहे, पण पोरांना रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने, बेटावर कुठलंसं श्वापद आहे या भीतीने. आणि तो भीतीचा विषय सगळ्यांत शेवटी घेतो, तोही उजेड मावळत असताना.

हा उजेडाचा मुद्दा हलका समजू नकोस. सभा संध्याकाळी घेतली, उशीर झाला, हे राल्फच्या स्वतःच्या लक्षात येतं. उजेड वरून पडण्याऐवजी खालून पडला तर चेहरे निराळे दिसतात, मग चेहरा म्हणजे नक्की काय, असा विचारही त्याच्या मनात येतो. वर्गात हे शिकवताना मी दिवे घालवते आणि एका मुलाला मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरायला सांगते. रोज शेजारी बसणारा मित्र क्षणभर अनोळखी दिसतो, आणि सबंध वर्ग गप्प होतो. तेव्हा मुलांना पटतं की अंधारात, घाबरलेल्या लहान पोरांपुढे शौचाच्या जागेचा नियम किती केविलवाणा वाटला असेल. जॅक त्यावर काय करतो? नियम गेले खड्ड्यात, आपण बलवान आहोत, शिकार करतो, श्वापद असेल तर त्याचीही शिकार करू, असं ओरडतो. यात योजना नाही, पण भीतीला उत्तर आहे. राल्फच्या यादीत भीतीला उत्तर नव्हतं. पोरं अंधारात किनाऱ्यावर पळत सुटतात.

पिगी राल्फला म्हणतो, शंख फुंक. राल्फ फुंकत नाही. मी फुंकला आणि ते आले नाहीत, तर सगळं संपलं, असं त्याचं म्हणणं. या एका नकारावर तू पानभर लिहू शकशील. आपला अधिकार समोरच्याच्या मान्यतेवर उभा आहे, हे त्याला पक्कं कळलं आहे. म्हणून तो अधिकार पणाला लावायला राल्फ धजत नाही. हे त्याचं शहाणपणही आहे आणि कच खाणंही आहे. जॅकला असा प्रश्न पडलाच नसता.

पण जॅकला राक्षस करू नकोस. पहिल्याच प्रकरणात वेलींत अडकलेल्या डुकराच्या पिल्लावर त्याचा सुरा उठतो आणि तसाच थांबतो, चेहरा पांढराफटक पडतो. पुढे तो चेहऱ्याला रंग फासतो तेव्हा त्याची भीड आणि लाज त्या रंगामागे नाहीशी होते. आठव्या प्रकरणात तो स्वतः शंख फुंकून सभा बोलावतो आणि विचारतो, राल्फ प्रमुख नको असं कोणाकोणाला वाटतं? एकही हात वर होत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आता मी तुमच्याबरोबर खेळणार नाही असं म्हणून तो निघून जातो. किती पोरकट वाक्य आहे ते, आणि किती खरं! त्यानंतर, सगळ्यांच्या देखत हात वर न करणारीच मुलं एकेक करून गुपचूप त्याच्याकडे जातात. उघड मतदान राल्फ जिंकतो आणि मुलं जॅककडे जातात. राल्फ-जॅकच्या तुलनेत यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

नवव्या प्रकरणातली मेजवानी तू बहुधा लिहिली असशील, पण त्यात एक धागा सुटतो. जॅक ओंडक्यावर रंग फासून, हार घालून मूर्तीसारखा बसला आहे. मी तुम्हाला खाऊ घातलं, माझे शिकारी श्वापदापासून तुमचं रक्षण करतील, असं तो म्हणतो. राल्फ विचारतो की आता पाऊस येतोय, तुमच्या झोपड्या कुठे आहेत? प्रश्न बिनतोड आहे. त्यावर जॅकचं उत्तर नाच. आणि त्या नाचात, सायमन मारला जातो त्या रिंगणात, राल्फ आणि पिगीही आहेत. दुसऱ्या दिवशी राल्फ त्याला खून म्हणतो, पिगी ते कबूल करायला तयार नसतो. इतका विचारी पिगी सत्यापासून तोंड फिरवतो आणि गोंधळलेला राल्फ ते सत्य उच्चारतो. नेता म्हणून राल्फ कितीही कमी पडो, माणूस म्हणून तो इथे सगळ्यांत उंच आहे असं मला वाटतं.

रॉजरला एक परिच्छेद दे. चौथ्या प्रकरणात तो लहानग्या हेन्रीवर दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून, कारण घरच्या, शाळेच्या, पोलिसांच्या धाकाची अदृश्य सीमा अजून त्या मुलाभोवती आहे. जॅकच्या राज्यात विल्फ्रेडला बांधून मारतात आणि का मारतात हे कोणालाच ठाऊक नसतं. ते ऐकून रॉजर विचारात पडतो की बेलगाम सत्तेत काय काय करता येईल. जॅकने त्याला क्रौर्य शिकवलं नाही, फक्त सीमा पुसली. पुढाऱ्यामुळे मागच्या माणसाला कशाची मोकळीक मिळते, हे रॉजरवरून दाखवता येतं.

तू नेतृत्वशैलींची नावं वापरली आहेस, ती बहुधा कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांच्या १९३९ सालच्या संशोधनातून तुमच्या नोट्समध्ये आली आहेत. अमेरिकेत आयोवामध्ये त्यांनी दहा वर्षांच्या मुलांचे गट केले आणि कुठे हुकूम सोडणारा, कुठे चर्चा करणारा, तर कुठे मोकळं सोडणारा मोठा माणूस नेमला. हुकुमाच्या गटांत मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम मंदावायचं, चर्चेच्या गटात ते चालू राहायचं. हे एका वाक्यात जरूर घे, पण एक फरक दाखव. तिथे प्रत्येक गटाला मोठा माणूस होता. बेटावर कोणीच नाही. राल्फ सतत मोठ्यांसारखं वागायला बघतो आणि मोठी माणसं तर त्याच वेळी आकाशात युद्ध लढत असतात. पॅराशूटसकट डोंगरावर येऊन पडलेला मृतदेह हीच मोठ्यांची बेटाला भेट.

घरी कोणी म्हणेल की खऱ्या आयुष्यात मुलं अशी वागत नाहीत. त्यांचं म्हणणंही विचारात घेण्यासारखं आहे. १९६५ मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं अता नावाच्या निर्जन बेटावर अडकली आणि वर्षाहून जास्त काळ आग राखून, कामं वाटून घेऊन नीट राहिली. पण ती आधीपासूनची मित्र होती. गोल्डिंगच्या बेटावर गायकवृंद सोडला तर बरीचशी मुलं एकमेकांना अनोळखी आहेत, म्हणूनच तिथे कोणाच्या मागे जायचं हा प्रश्न पहिल्या तासात उभा राहतो. परीक्षेत हे लिहू नकोस, घरच्या चर्चेला ठीक आहे.

आता लिहायचं कसं. सुरुवातीला व्याख्या नको. पहिलं वाक्य असं काहीसं असू दे : राल्फला निवडून देणारी मुलं त्याचा विचार ऐकून नव्हे, त्याच्या हातातला शंख बघून हात वर करतात. त्याच प्रसंगावर परिच्छेद संपव. मग गायकवृंद जॅकला देणं, मग पाचव्या प्रकरणातली सभा, मग आठव्यातलं मतदान आणि रात्रीचं निघून जाणं. चार प्रसंग पुरेत. प्रत्येक वेळी राल्फ काय करतो, जॅक काय करतो आणि पोरं काय करतात, तिन्ही सांग. लोकशाही, हुकूमशाही हे शब्द शेवटच्या परिच्छेदापर्यंत राखून ठेव.

आणि त्या परिच्छेदासाठी बारावं प्रकरण. जॅकने राल्फला हुसकावून बाहेर काढायला जंगल पेटवलेलं असतं, आणि तोच धूर बघून नौदलाचा अधिकारी येतो. राल्फ इतके दिवस ज्या धुरासाठी झगडला तो जॅकच्या सुडातून निघाला. तुमचा प्रमुख कोण, असं अधिकारी विचारतो. मी, असं राल्फ मोठ्याने म्हणतो. जॅक एक पाऊल पुढे येतो, मग विचार बदलून उभा राहतो. तेव्हा राल्फच्या मागे एकही मुलगा नाही, आणि तरी उत्तर तोच देतो. का, ते तू ठरव आणि लिही. माझं मत मी मुद्दाम सांगत नाही, कारण मिसना तुझं वाचायचं आहे. पहिला खर्डा झाला की पाठव, त्यात पाचव्या प्रकरणाचा परिच्छेद मी आधी बघेन.